करंगळीच्या बाजूचं हाड

माझी आई हाताने बोलते. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, बाबांनाही येत नव्हतं, आणि मी त्या दोघांच्या वाटचं ऐकत आणि बोलत मोठी झाले. त्यामुळे बाइंडिंगच्या कारखान्यातून फोन आला की तुमच्या आईचा उजवा हात मोडलाय, तेव्हा माझ्या मनात आधी आलं ते हेच, की आता ही बोलणार कशी? जेवणार कशी, केस कसे विंचरणार, ते सगळं नंतर सुचलं.

आई त्या कारखान्यात तपासनीस आहे. शिवून आलेल्या पुस्तकाची पानं मोजायची, एखादं गळलंय का, उलटं लागलंय का ते बघायचं, आणि तसं असेल तर पुस्तक मागे पाठवायचं. एकतीस वर्षं हेच काम. फरशीवर पडलेल्या एका गुळगुळीत कागदावरून तिचा पाय सटकला आणि सगळा भार हातावर आला. कागदात आयुष्य काढलेल्या बाईला कागदानेच पाडावं, याचा तिला दुखण्याहून जास्त राग आला होता. मी पोहोचले तेव्हा ती स्टुलावर बसून डाव्या हाताने मालकाला झापत होती, कागद उचलायला काय मुहूर्त लागतो का म्हणून. मालकाला एक अक्षर कळत नव्हतं, तरी तो मान हलवत होता. आईपुढे सगळेच मान हलवतात.

हाडांचे डॉक्टर तरुण होते, स्वभावाने मोकळे. ऐकू न येणाऱ्या माणसाशी बहुतेक लोक जे करतात तेच त्यांनीही केलं. आवाज चढवला.

"मावशी, फार दुखतंय का?"

"डॉक्टर, हळू बोललात तरी तिला तेवढंच ऐकू येतं," मी म्हटलं.

ते ओशाळून हसले. मग त्यांनी एक्स-रे उजेडाच्या पाटीवर लावला आणि पेनाच्या टोकाने दाखवायला लागले. मनगटाशी दोन हाडं येतात. अंगठ्याच्या बाजूचं मोठं, ते मोडून मागे सरकलंय. त्याला पट्टी आणि स्क्रू लावायचे, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. करंगळीच्या बाजूच्या दुसऱ्या हाडाचं मात्र नुसतं टोक उडालंय. अर्ध्या शेंगदाण्याएवढा तुकडा, जागेपासून जरासा दूर.

"या टोकाचं काय करायचं, हा खरा प्रश्न आहे," ते म्हणाले. "बहुतेकांचं आम्ही तसंच सोडतो. मोठं हाड नीट बसलं आणि दोन हाडांमधला सांधा पक्का असला, तर हे टोक पुढे जुळलं नाही तरी सहसा हाताचं काही अडत नाही. जोडायचं म्हणजे आणखी एक छेद, तार किंवा बारीक स्क्रू. तिथूनच एक नस जाते, ती दुखावू शकते. तार टोचते, मग काढायला परत यावं लागतं. पण थोड्या लोकांना त्या बाजूला दुखत राहतं, हात फिरवताना कटकट वाजतं. दुसरं कुणी असतं तर मी एवढं विचारलंही नसतं. पण यांचं बोलणंच या हाताने आहे. पालथा-उताणा करायला हा हात दिवसातून हजार वेळा लागणार. मोठं हाड बसवलं की मी सांधा तपासेन. सैल असला तर टोक जोडेनच. घट्ट असला तर सोडून देईन. पण मधलंच निघालं, धड सैल नाही, धड घट्ट नाही, तर यांना काय हवंय? नीट विचारा त्यांना. घाई नाही."

सात-आठ मिनिटं ते बोलत होते. आई त्यांच्या तोंडाकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होती.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर बसते. माणसं येतात आणि नळाला पाणी येत नाही इथून सुरुवात करून सासूचं आजारपण, शेजाऱ्याची मोटर, मागच्या वर्षीचा साहेब, सगळं अर्धा तास ऐकवतात. माझ्या फॉर्मवर तक्रारीसाठी दोन ओळींची जागा आहे. मी ऐकते आणि लिहिते, 'पाणी कमी दाबाने. शेजारी मोटर.' यात माझा हात धरणारं त्या कार्यालयात कुणी नाही. साहेब नव्या लोकांना मुद्दाम माझे फॉर्म दाखवतात.

तर मी आईकडे वळले आणि हातांनी म्हटलं, "मोठं हाड मोडलंय, पट्टी लावणार. एक छोटा तुकडा आहे, तो आपोआप बरा होतो. सोडून देणार."

आईने डॉक्टरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "इतका वेळ तो एवढंच बोलला?"

"डॉक्टर लोक तेच तेच बोलतात."

"काय म्हणाल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"मधलं निघालं तर नको म्हणाली," मी म्हटलं.

त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं. आईने डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलासारखी वाकडीतिकडी सही केली. तिने कागद वाचायचा प्रयत्न केला, पण डॉक्टरांचं अक्षर ते. तिथे माझंही काही चाललं नसतं.

का केलं मी असं? दोन वाजता खिडकी उघडायची होती, हे एक कारण. आई दुखण्याने पांढरी पडली होती आणि तिला विचारलं असतं तर तिने चाळीस प्रश्न काढले असते, हे दुसरं. आणखी एक छेद, आणखी एक तार, हे मलाच नको वाटत होतं, हे तिसरं. पण खरं सांगायचं तर यातलं एकही कारण त्या क्षणी माझ्या मनात नव्हतं. ही सगळी मी नंतर, बसमध्ये उभ्याने, शोधून काढली. त्या क्षणी मी फक्त सवयीने दोन ओळी लिहिल्या होत्या.

सूज उतरेपर्यंत तीन दिवस थांबायचं होतं. ते तीन दिवस मला एका जागी बसवेना. भांडी घासलेली असताना परत घासली. खिडकीवर लोकांच्या तक्रारी ऐकताना मध्येच मनगटाकडे बघत बसायचे, स्वतःच्या. पालथं, उताणं, पालथं. एका गृहस्थाने विचारलंसुद्धा, बाई, तुम्हाला काही होतंय का?

शनिवारी आई ऐकली नाही, शाळेत गेलीच. मूकबधिर मुलांच्या शाळेत दर शनिवारी ती लहान वर्गाला गोष्ट सांगते. पगार नाही, काही नाही, पण त्या वर्गात तिला जो मान आहे तो मालकाला कारखान्यात नाही. हात गळ्यात अडकवून ती मुलांसमोर बसली आणि कासवाची गोष्ट सुरू केली. या गोष्टीत कासव खडकावरून घसरून उताणं पडतं आणि खूप धडपडून पुन्हा पालथं होतं. मुलं त्याचीच वाट बघत असतात. डावा हात खडक, उजवा हात कासव. उजवा हात त्या दिवशी कच्च्या प्लास्टरमध्ये होता. तिने डाव्या हाताचं कासव करून बघितलं, तर खडक कुठेच राहिला नाही. कासव हवेतच लोळायला लागलं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली, मग मागची दोन-तीन आपापसात खेळायला लागली.

"कासव पुढच्या महिन्यात उठेल," आईने सांगून टाकलं.

तिथल्या वर्गाच्या बाई माझ्या शेजारी दाराशी उभ्या होत्या. त्यांना ऐकू येतं, पण त्यांचे हात इतके सराईत आहेत की आई म्हणते, या चुकून आपल्याकडे जन्मायच्या राहिल्या. बाई मला हळूच म्हणाल्या, "नीट व्हायला हवा गं हात. नाहीतर या घुसमटतील."

मी हो म्हटलं.

परतताना बसमध्ये आईने डाव्या हाताने विचारलं, "तो छोटा तुकडा किती दिवसांत बरा होतो?" डाव्या हाताचं तिचं बोलणं म्हणजे तोंडात घास धरून बोलल्यासारखं होतं, पण एवढं स्वच्छ कळलं.

"होतो हळूहळू," मी म्हटलं आणि बाहेर बघायला लागले. खाई त्याला खवखवे. ती बिचारी साधाच प्रश्न विचारत होती आणि मला वाटत होतं, हिला सगळं कळलंय.

सोमवारी मी हॉस्पिटलला फोन लावला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, काय निरोप आहे, असं पलीकडच्या मुलीने विचारलं. मी म्हटलं, त्याचं असं आहे, माझी आई, तिचं मनगट, म्हणजे डॉक्टरांनी तिला एक विचारायला सांगितलं होतं, तर मी...

"थोडक्यात सांगा ना मॅडम," ती म्हणाली.

दहा वर्षांत हे वाक्य मी किती लोकांना म्हटलं असेल याची गणती नाही. मला थोडक्यात सांगता येईना. मी फोन ठेवून दिला.

मंगळवारी सकाळी ऑपरेशन. पूर्ण बेशुद्ध करणार नव्हते, खांद्याजवळ सुई देऊन फक्त हात बधिर करणार होते. आत नेण्यापूर्वी आई खाटेवर बसली होती, हिरव्या झग्यात, एकदम लहानखुरी दिसत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले, हात वर उचलले, आणि म्हटलं, "आई, त्या दिवशी डॉक्टर..." एवढ्यात सिस्टर आल्या, खाटेचे ब्रेक पायाने सोडले, आणि आई डाव्या हाताने 'नंतर, नंतर' म्हणत दाराआड गेली. माझे हात तसेच वर राहिले. सुटले, असंही वाटलं. ते जास्त लाजिरवाणं होतं.

बाहेर चार खुर्च्या होत्या, चारही एका लोखंडी दांडीला जोडलेल्या. मी बसले की बाकीच्या तिन्ही हलायच्या. एक आजोबा टोकाला बसले होते, ते दोनदा माझ्याकडे वळून बघून शेवटी उठून उभेच राहिले. मग मीही उभी राहिले. जिन्यापर्यंत गेले, परत आले. पाण्याच्या मशीनचं पाणी प्यायले, पुन्हा प्यायले. आत जाऊन डॉक्टरांना सांगावं असं दर दोन मिनिटांनी वाटत होतं आणि दर दोन मिनिटांनी दारापर्यंत जाऊन परत फिरत होते. एक तास झाला असेल. दार उघडून सिस्टरनी मान बाहेर काढली.

"तुम्ही त्यांची मुलगी ना? लवकर कपडे बदला आणि आत चला. त्या काहीतरी विचारताहेत, डावा हात थांबतच नाही. आम्हाला काही कळेना."

टोपी, मास्क, पायांना पिशव्या. आत गार होतं. आई टेबलावर उताणी, उजवा हात बाजूच्या फळीवर लांब पसरलेला, आणि मध्ये हिरवा पडदा, तिला जखम दिसू नये म्हणून. पण एक्स-रेचा पडदा कोणी तिच्या बाजूला वळवून ठेवला होता, त्यावर तिचं स्वतःचं मनगट दिसत होतं. पट्टी आणि स्क्रू पांढरे शुभ्र. त्या पडद्याकडे बोट करून आई डाव्या हाताने तेच तेच म्हणत होती. सलाईनची नळी हेलकावे खात होती.

"मोठं जागेवर आलं. ते बघ, छोटं अजून बाहेर आहे. विसरले हे लोक. सांग त्यांना, एक राहिलंय."

मी डॉक्टरांना सांगितलं, "ती विचारतेय, छोटं तसंच का ठेवलं?"

डॉक्टरांनी मान वर केली. मास्कवरून फक्त डोळे. "पण त्यांनीच नको म्हटलं होतं ना? मी आत्ता सांधा तपासला. मधलाच निघाला, आपण बोललो होतो तसा. त्यांची इच्छा नको अशी होती, म्हणून मी बंद करायला घेतोय. सांगा त्यांना."

सांगा त्यांना.

त्या खोलीत सहा माणसं होती आणि सगळ्यांची तोंडं झाकलेली. आईला कुणाचे ओठ दिसत नव्हते, कुणाच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तिला बाहेरचं जग जेवढं होतं तेवढं माझ्या हातांत होतं. आणि मी खोटं बोलणार नाही, दुसरं खोटं माझ्याकडे तयार होतं. 'डॉक्टर म्हणतात ते बरं होईल.' पाच बोटांचं काम. कुणालाही कळलं नसतं, कधीच कळलं नसतं.

मी हातांनी म्हटलं, "डॉक्टर म्हणतात, तूच नको म्हणालीस."

आईच्या कपाळावर आठी पडली. "मी? कधी?"

"तू नाही. मी म्हटलं. त्यांनी तुला विचारायला सांगितलं होतं, मी विचारलंच नाही. तो आपोआप बरा होतो असंही ते म्हणाले नव्हते. ते मी म्हटलं."

तिचा डावा हात छातीवर पडून राहिला, एकदम गप्प.

"काय चाललंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"डॉक्टर, मी तिला विचारलं नव्हतं," मी तोंडाने म्हटलं. आवाज फाटला. "नको हे माझ्या मनाने सांगितलं."

कोणीतरी ट्रेमध्ये चिमटा ठेवल्याचा आवाज झाला. डॉक्टर मग जे बोलले ते मी जन्मभर विसरणार नाही, कारण त्यांचा आवाज पहिल्या दिवसासारखा चढला होता आणि या वेळी तो बरोबर माणसावर चढला होता.

"रक्त थांबवायला दंडाला पट्टा आवळलाय, माझ्याकडे फार वेळ नाही. मी एकेक वाक्य बोलतो. तुम्ही एक शब्द गाळायचा नाही. आणि त्या जे म्हणतील ते जसंच्या तसं मला सांगायचं. जमेल?"

जमेल म्हटलं. त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं. दुसरा छेद, तार, नस, दुखणं, कटकट. मी एकेक वाक्य हातांत घेऊन आईला दिलं. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

आईने विचारलं, "न जोडता सोडलं तर किती जणांना दुखतं?"

"थोड्यांना. पक्का आकडा सांगितला तर ती थाप होईल. पुष्कळांचं टोक जुळत नाही, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही."

"नस दुखावली तर काय होतं?"

"करंगळीची पाठ आणि तळहाताची ती कड बधिर होऊ शकते. काही दिवस, कधी कायमचीही."

"नंतर दुखलंच, तर तेव्हा काही करता येतं?"

"येतं. अवघड होतं थोडं, पण करता येतं."

"सांधा मला फिरवून दाखवा."

सिस्टरनी आईचं डोकं जरा उचललं आणि मधला हिरवा पडदा खाली केला. जखमेवर कापड होतं. डॉक्टरांनी तिचा बधिर हात धरून सावकाश पालथा केला, उताणा केला. आई बघत होती, दुसऱ्या कुणाचा तरी हात असावा तशी. पुस्तक तपासताना तिचे डोळे जसे बारीक होतात तसे झाले होते.

"आणखी एकदा," ती म्हणाली. डॉक्टरांनी आणखी एकदा केलं.

मग तिने डाव्या हाताने सांगितलं आणि मी शब्दाला शब्द लावून बोलले. "राहू द्या तसंच. पानाची घडी नीट बसली की नाही हे मी करंगळीच्या कडेने जोखते. ती बधिर झालेली मला चालणार नाही. बोलताना दुखलं तर दुखेल, तेव्हा परत येईन."

डॉक्टरांनी मान डोलावली. "मग चार आठवडे कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर. हात उताणा ठेवून. चालेल का विचारा." आईला चालणार होतं.

म्हणजे उत्तर तेच निघालं. मी दिलं होतं तेच. त्या खोलीत उभी राहून मला वाटलं, चला, बिघडलं काहीच नाही, आणि त्याच क्षणी स्वतःची इतकी किळस आली की सांगता येत नाही. करंगळीच्या कडेचं कारण मला दहा जन्मांत सुचलं नसतं. माझं नको आणि तिचं नको, यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

आईने माझ्याकडे बघितलं. "आता तू बाहेर जा."

पुढचे चार आठवडे तिचा हात उताणा होता. "सगळ्यांपुढे भीक मागतेय असं वाटतं," ती शेजारणीला म्हणाली आणि दोघी हसल्या. मला म्हणाली नाही. माझ्याशी ती रागावून वागत नव्हती, रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती माझ्याशी थोडक्यात बोलत होती. चहा दे. खिडकी लाव. औषध झालं. दिवसाच्या दोन ओळी. मी घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहायचे, काहीतरी उचलायचे, काहीतरी ठेवायचे. एकदा न राहवून मी तिच्यापुढे जाऊन बसले.

"रागावलीस ना?"

"नाही."

"मग?"

"आठवतेय." तिचा डावा हात आता चांगला सरावला होता. "बँक. मालकाशी पगाराचं बोलणं. तुला बघायला माणसं आली होती ते. बाबांचं हॉस्पिटल. कुठे काय काय गाळलं असशील, ते आठवतेय. पण मला कसं आठवणार? मला तर तू सांगितलं तेवढंच माहीत."

मला सगळं आठवत नव्हतं, आणि जे आठवत होतं ते सांगायचं धैर्य नव्हतं. मी उठून गॅस बंद आहे का बघायला गेले. तो बंदच होता.

प्लास्टर काढायच्या दिवशी मी रजा टाकली होती, पूर्ण दिवसाची. निघताना दाराची घंटा वाजली, म्हणजे आमच्याकडे घंटेऐवजी दिवा लागतो, तो लागला. शाळेच्या बाई उभ्या होत्या.

"तू ये," आई मला म्हणाली. "पण मुलगी म्हणून ये. बोलणं या करतील."

डॉक्टरांच्या खोलीत मी पहिल्यांदाच भिंतीजवळच्या खुर्चीवर बसले. हातांना काही काम नव्हतं, म्हणून पर्स धरून बसले. बाई डॉक्टरांच्या जरा मागे उभ्या राहिल्या, आईला दोघंही दिसतील अशा. आणि त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते तर सांगितलंच, पण सिस्टरनी मध्येच येऊन माझं पेन इथे राहिलंय का विचारलं तेही, डॉक्टर शिंकले आणि स्वतःशीच काय पुटपुटले तेही. आई हसली. असल्या फालतू गोष्टी मी तिला कधी सांगितल्या नव्हत्या. त्या ऐकायला तिला आवडतील हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

प्लास्टर निघालं. आतला हात बारीक, सुरकुतलेला, साल निघालेला. नव्या एक्स-रेत मोठं हाड जुळलं होतं, छोटा तुकडा होता तिथेच होता. डॉक्टर म्हणाले, राहू दे, तो तसाच राहील बहुतेक. आईने कोपर पोटाशी धरून हात पालथा करून बघितला. अर्ध्यावर अडकला. उताणा केला, तो सहज झाला. पुन्हा पालथा. बारीक कट् असा आवाज मला ऐकू आला. तिला नाही.

"दुखतं?"

"करंगळीच्या बाजूला थोडं," बाई आईच्या वतीने 'मी' म्हणून बोलत होत्या. "पण माझ्या हिशोबातलं आहे. व्यायाम सांगा."

डॉक्टरांनी व्यायाम सांगितले, कागदावर चित्र काढून दिलं. मग सगळेच डॉक्टर शेवटी विचारतात तसं त्यांनी विचारलं, "आणखी काही?"

या प्रश्नाला मी आजवर प्रत्येक डॉक्टरांना आईकडे न बघताच 'नाही' म्हटलं आहे. बाईंनी तो प्रश्न आईला विचारला. आईने थोडा विचार केला आणि बोलायला लागली, डाव्या हाताने, मध्येच सुटल्यासारखा उजवाही येत होता. बाई बोलायला लागल्या.

"मला वर्षभरापासून डाव्या डोळ्याच्या कडेला दिसत नाही. समोरचं दिसतं. बाजूने कुणी बोललं तर हात निम्मेच दिसतात. तुम्ही हाडांचे आहात हे मला माहीत आहे, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आजच दाखवायला हवं. वर्षभर थांबलात कशाला? घरी कुणाला सांगितलं नाही?"

बाईंनी विचारलं. आईने उत्तर दिलं. बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मग काही न गाळता बोलल्या.

"सांगितलं होतं. मुलीला. ती म्हणाली, वयाने होतं."

मला ते आठवेना. मी खूप आठवून बघितलं, तिथे बसून, आणि नंतरही. स्वयंपाकघरात असेल, मी निघायच्या घाईत असताना असेल, मी मान हलवली असेल. काहीच आठवत नाही.